खांद्यावरचं नाव

आमच्या सेंट्रल जर्सीत बर्फ वितळलं की शनिवार-रविवारी एस्टेट सेलच्या पाट्या लागायला लागतात. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं असतं नाहीतर वृद्धाश्रमात हललेलं असतं, मुलं कॅलिफोर्नियात किंवा फ्लोरिडात, आणि मग एखादी बाई येऊन घरातल्या वस्तूवस्तूला पिवळी चिठ्ठी डकवते. परक्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्याचे झारे-कालथे चिवडताना मला दर वेळी ओशाळल्यासारखं होतं, आणि तरी मी जाते. यंदा अशाच एका घरात तळघराच्या पायऱ्यांपाशी दोन राखाडी बरण्या दिसल्या. दोन्ही गुडघ्याएवढ्या उंच, दोन्हींना दोन बाजूंना कान, दोन्हींवर निळ्या रंगानं काहीतरी चितारलेलं. एकीच्या खांद्यावर, काठाच्या जरा खाली, ओल्या मातीत दाबून उठवलेला ठसा होता: कुंभाराचं नाव, त्याखाली गावाचं नाव. चिठ्ठी चारशे पंचवीस डॉलरची. दुसरीवर नाव नव्हतं, तिची चिठ्ठी चाळीसची. खरं तर दुसरीच देखणी होती. तिच्या पोटाचा फुगवटा कसा अगदी बेतशीर, आणि निळ्या फांदीवर बसलेला पक्षी मान वळवून मागे बघणारा. इतका फरक का, असं मी विचारलं. बाईंनी वहीतून मान वर न काढता उत्तर दिलं, "नाव नाही ना त्याच्यावर."

चाळीस डॉलर मोजून ती बिननावाची मी घरी आणली. गाडीत ठेवताना नवऱ्याच्या कमरेचं जे झालं त्याबद्दल इथे लिहीत नाही.

ही बरणी म्हणजे मिठाच्या झिलईचं स्टोनवेअर, कडक आचेत दगडासारखं टणक भाजलेलं मातीचं भांडं. हात फिरवला की आधी गुळगुळीत वाटतं, मग बोटांना बारीक बारीक खळगे लागतात. संग्राहक याला संत्र्याची साल म्हणतात आणि ते अगदी खरं आहे. ही झिलई कुणी कुंचल्यानं लावलेली नसते. कच्ची भांडी भट्टीत एकावर एक रचायची, लाकडं सारत आच वाढवत न्यायची, आणि भट्टी साधारण साडेबाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास पांढरट पिवळी पेटली की वरच्या भोकांतून चक्क खडे मीठ आत टाकायचं. मीठ तडतडून फुटतं, त्याची वाफ होते, वाफेतला सोडियम भांड्याच्या मातीतल्या सिलिकेला भिडतो आणि भांड्याच्या अंगावरच काच धरते. उरलेलं आम्ल पांढऱ्या ढगांतून धुराड्यावाटे बाहेर पडतं. अशा भट्टीच्या वाऱ्याला राहणाऱ्यांचं काय होत असेल, तो विचार वेगळाच. वाफ उघड्या अंगाला लागते, रचलेल्या भांड्यांच्या पोटात धड शिरत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात आतून हडसनकाठच्या ऑल्बनीच्या तांबूस मातीचा हात द्यायला लागले. भाजल्यावर तिचीच चॉकलेटी काच होते. माझ्या बरणीचं पोट तसंच आहे. बाहेर मात्र भट्टीच्या सगळ्या खाणाखुणा. शेजारचं भांडं चिकटलं होतं तिथे तपकिरी डाग, आणि एका कानावर भट्टीच्या छतावरून टपकलेला हिरवट काचेचा थेंब. तो थेंब पडला तेव्हा लाकूड सारणाऱ्याला झोप आली असेल का, असली निरर्थक उत्सुकता मला फार. निळा रंग कोबाल्टचा. एवढ्या आचेत टिकून राहणारे रंग मोजकेच, त्यामुळे सगळी पानंफुलं, हरणं, कोंबड्या, झेंडे निळेच.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली होती. तिनं बरणीभोवती एक फेरी मारली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, आणि म्हणाली, "लोणचं छान मुरेल गं यात. दादरा बांधून ठेवला की वर्षभर बघायला नको." कशाला होत्या या, असं तिनं विचारलं नाहीच. खारवलेलं डुकराचं मांस, लोणी, काकड्या, कोबी, सायडर, काकवी हे सगळं यांच्यात राहायचं, हे मी सांगितलं तेव्हा मांसापाशी तिनं फक्त नाक मुरडलं. मग वाकून काठ निरखत तिनं विचारलं, "नाव कुणाचं घातलंय?"

तिचं बरोबरच होतं. आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नव्हतं. लग्नात आलेली परात, बारशाची वाटी, वास्तुशांतीचा डबा, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. भांड्यांच्या दुकानात गल्ल्यामागे एक पोऱ्या ते मशीन घेऊन बसलेला असायचा, करकर आवाज करत तो 'चि. सौ. कां. हिस मामाकडून' असं लिहायचा, खाली तारीख. शेजारी गेलेला डबा त्या नावावरून परत यायचा. आजीच्या घागरीवर तर गावाचंही नाव होतं. पण ती घागर ठोकली कुणी, त्या तांबटाचं नाव कुठेच नाही. कुंभाराचं तर प्रश्नच नाही; माठ फुटेपर्यंत माठ, मग खापर. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, करणाऱ्याचं नाही, आणि यात काही वावगं आहे असं मला चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. इथे उलट. बरणी वापरणारी बाई कोण होती याचा पत्ता नाही, आणि करणाऱ्याचं नाव नसलं तर किंमत एकदशांश.

पण ज्यांच्यावर नाव आहे, त्यांच्यावर तरी करणाऱ्याचंच असतं का?

हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर साउथ अँबॉय आहे आणि त्याला लागून चीजक्वेकची खाडी. पार्कवेवरून समुद्राकडे जाताना इथे एक विसावा लागतो. परवापरवापर्यंत त्याचं नाव चीजक्वेक होतं, आता एका रॉक गायकाचं दिलंय. या पट्ट्यातली पांढुरकी चिवट माती साडेबाराशे अंश सोसते. हे वाटतं तितकं सोपं नाही. लाल मातीची भांडी त्या आचेत बसकण मारतात, आणि न्यू इंग्लंडात सगळी तीच माती. १७४२च्या सुमाराला बॉस्टनपलीकडच्या चार्ल्सटाउनात आयझॅक पार्करनं स्टोनवेअरचा घाट घातला आणि तो अर्ध्यातच वारला. त्याच्या बायकोनं, ग्रेस पार्करनं, कर्ज आणि पोरंबाळं सांभाळत खटाटोप चालू ठेवला, सरकारकडून पंधरा वर्षांचा मक्ताही मिळवला. मातीनं दगा दिला. तिची अक्कल किंवा जिद्द कमी पडली असं कुणी म्हणू नये, तिला फक्त अँबॉयची माती हवी होती. पुढे तीच माती गलबतांत भरून बॉस्टनला, हडसनमार्गे ट्रॉयला, १८२५ला ईरी कालवा झाल्यावर थेट यूटिका-रॉचेस्टरला जायला लागली. व्हरमाँटच्या डोंगरातल्या बेनिंग्टनला नॉर्टन घराण्याचा कारखाना १७९३पासून जवळपास शंभर वर्षं चालला. त्यांच्या बरण्यांवरची कुंपणात उभी राहिलेली हरणं आज संग्रहालयांत मिरवतात. त्या हरणांखालची माती पाण्यानं ट्रॉयपर्यंत आणि पुढे बैलगाड्या-घोडागाड्यांनी आलेली. ठसा बेनिंग्टनचा, माती आमच्याकडची. एडिसन-वुडब्रिजला घर घेणाऱ्या आपल्या लोकांना बागकाम करताना ही चिकणमाती नकोशी होते. टोमॅटो येत नाहीत म्हणून आम्हीच दर वर्षी दुकानातून पोत्यांनी दुसरी माती विकत आणून तिच्यावर ओततो.

खाडीकाठी स्वतःच्या मातीची भांडी करणारेही होते. कॅप्टन जेम्स मॉर्गन क्रांतीच्या आधीपासून, आणि त्याच्या मागून टॉमस वॉर्न व जोशुआ लेट्स. वॉर्न आणि लेट्सच्या काही बरण्यांवर नाव, साउथ अँबॉय, १८०७ हे साल, आणि वर एक घोषणाही ठोकलेली आहे: 'लिबर्टी फॉरेव्ह'. शेवटचं 'अर' नाहीच. स्वातंत्र्य चिरायू होता होता राहिलं. मला या अर्ध्या शब्दाचं फार हसू आलं होतं, मग १८०७ हे साल कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि हसू मावळलं. न्यू जर्सीत १७७६पासून मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना मत देता यायचं, स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही. बायकांना मत देणारं सगळ्या राज्यांत एकटं हेच. १८०७मध्ये विधिमंडळानं ते दोघांचंही काढून घेतलं. गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८०४चा, पण कसा, तर ४ जुलैनंतर जन्मलेलं पोर मुलगी असेल तर एकविसाव्या आणि मुलगा असेल तर पंचविसाव्या वर्षी मोकळं. तोवर मालकाची चाकरी. म्हणजे ती बरणी चाकावर फिरत होती तेव्हा मोकळं व्हायच्या वाटेवरची सगळ्यांत मोठी पोरं तीन वर्षांची होती. ठसा मारणाऱ्याच्या मनात हे काही असेल असं मला म्हणायचं नाही. पण मातीत दाबलेल्या शब्दाकडे मी आता तशी निवांत बघू शकत नाही.

नाव लपवण्यातही एकेकदा शहाणपण असतं. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला १७२०च्या पुढे विल्यम रॉजर्स नावाचा माणूस लंडनच्या तोडीस तोड मिठाच्या झिलईचे मग आणि बाटल्या करत होता. वसाहतींनी कच्चा माल पाठवायचा आणि पक्का विकत घ्यायचा, असा इंग्लंडचा खाक्या. वसाहतीत कोण काय बनवतंय याची विचारणा लंडनहून व्हायची, आणि गव्हर्नर विल्यम गूच दर खेपेला कळवायचा की यॉर्कटाउनला एक गरीब कुंभार आहे, त्याचं काम अगदीच किरकोळ, इंग्लंडच्या व्यापाराला त्याची काही झळ नाही. नावसुद्धा नाही, नुसता गरीब कुंभार. १७३९ला तो गरीब कुंभार वारला तेव्हा त्याच्या मागे जमिनी होत्या, धंदा होता, गुलाम होते. म्हणजे चाकावर बसणारे हात कुणाचे होते हेही नक्की धरायला नको. १९७०च्या दशकात त्याची भट्टी खणून काढली, ती चांगली मोठी निघाली. गूचसाहेबांच्या पत्रातला तो खालचा सूर मला ओळखीचा वाटतो. आयकराच्या कागदावर आपलं दुकान 'काही चालत नाही हो' असं सांगणारे सगळे काका डोळ्यांसमोर येतात.

आणि नाव ठळक लिहूनही माणूस दोनशे वर्षं सापडू नये, असंही होतं. मॅनहॅटनमध्ये आज जिथे कोर्ट-कचेऱ्या आहेत तिथे कलेक्ट पाँड नावाचं तळं होतं, आणि तळ्याकाठी जर्मनीहून आलेल्या क्रोलियस आणि रेमी घराण्यांच्या भट्ट्या. राइनकाठची ही विद्या त्यांनीच न्यूयॉर्कात मुरवली. या घराण्यातला क्लार्कसन क्रोलियस पुढे राज्याच्या विधानसभेचा सभापती झाला, म्हणजे ठसा दाबणारा हात चांगला लांबवर पोचला. याच क्रोलियसांच्या घरात गुलाम म्हणून जन्मलेला एक मुलगा लहानपणीच मोकळा झाला, हीच विद्या शिकला, आणि १७९७च्या सुमाराला त्यानं ईस्ट रिव्हरच्या काठी कॉर्लिअर्स हुकला स्वतःची भट्टी घातली. थॉमस कॉमेरॉ. त्यानं नाव कुठे कोपऱ्यात नाही लिहिलं. पुढच्या बाजूनं, मोठ्या अक्षरांत, 'कॉमेरॉज स्टोनवेअर, कॉर्लिअर्स हुक, एन. यॉर्क', आणि ठशात निळा भरलेला. कडेनं झालरीसारखी अर्धवर्तुळं आणि गोंडे. कालवं विकणाऱ्या कृष्णवर्णी व्यापाऱ्यांना त्यानं त्यांचं नाव-पत्ता ठोकून बरण्या करून दिल्या. मुरवलेली कालवं त्यांतून जहाजांवर चढायची. संग्राहकांनी या बरण्या पिढ्यानपिढ्या जपल्या आणि कॉमेरॉ म्हणजे कुणी फ्रेंच वळणाचा गोरा कुंभार असणार, असं धरून चालले. कुणी खोटं बोललं नव्हतं. एवढं सुबक काम आणि स्वतःच्या नावाचा कारखाना म्हटल्यावर कुणाला शंकाच आली नाही, इतकंच. जनगणनेच्या जुन्या याद्या कुणीतरी नीट वाचल्या तेव्हा, म्हणजे २०००नंतर, तो कृष्णवर्णी होता हे कळलं. १८२०मध्ये तो सिएरा लिओनला नवी वसाहत वसवायला निघालेल्या जहाजावर बायकोमुलांसह चढला. तिथे तापानं माणसं पटापट गेली, त्याच्या घरचीही गेली. तो परत आला आणि १८२३ला बाल्टिमोरला वारला.

२०२३च्या जानेवारीत न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत त्याच्या भांड्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा एका दुपारी गाडी पकडून बघून आले. काचेआडच्या एका बरणीपाशी बराच वेळ उभी होते. ठशातल्या एका अक्षरातून निळा रंग ओघळून खाली आलेला, जरा घाईचा. बाकी सगळं इतकं निगुतीचं की तो ओघळच जास्त जवळचा वाटला. तिथून खाली, मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, आफ्रिकन बरियल ग्राउंड आहे. १९९१मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना ते सापडलं आणि चारशेहून जास्त सांगाडे निघाले. गुलामांना आणि मोकळ्या झालेल्यांना शहराबाहेर पुरायची तेवढी एक जागा. तिथल्या मातीत हाडांबरोबर फुटक्या, वेड्यावाकड्या भाजलेल्या बरण्यांची खापरं निघाली. तळ्याकाठच्या भट्ट्यांचा कचरा कुंभार त्या थडग्यांवर आणून ओतत होते. क्रोलियस आणि रेमींच्या सुंदर निळ्या फुलांचं कौतुक मी करतेच, पुढेही करीन. पण ही खापरं त्या कौतुकातून वगळता येत नाहीत, आणि वगळूही नयेत.

दक्षिणेत साउथ कॅरोलायनाच्या एजफील्डला मिठाची नाही, राखेची झिलई द्यायचे. तिथला डेव्ह नावाचा कुंभार गुलाम होता. १८३४मध्ये त्या राज्यानं गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवलं, आणि हा गडी ओल्या मातीवर सही करत राहिला, तारीख घालत राहिला, दोन-दोन ओळींच्या कविता कोरत राहिला. १८५७च्या एका बरणीवर त्यानं माझी सगळी नातीगोती कुठे असतील, असं लिहिलंय. मोकळं झाल्यावर त्यानं लावलेलं ड्रेक हे आडनावसुद्धा एका मालकाचंच.

उत्तरेतल्या कारखान्यांत गुलामी नव्हती तिथेही ठसा मालकाचा. चाकावरचा कारागीर पगारी, आज यूटिकाला, उद्या फोर्ट एडवर्डला. निळा पक्षी काढणाराही पगारी; नळीतून पातळ कोबाल्ट सोडत तो दिवसाला किती पक्षी काढत असेल कोण जाणे. जाणकार मंडळी पक्ष्याच्या शेपटीवरून हा त्याच माणसाचा हात असं ओळखतात. हात ओळखू येतो, नाव येत नाही. पुढे काचेच्या झाकणाच्या बरण्या आल्या, पत्र्याचे डबे आले, बर्फाची कपाटं आली आणि हा धंदा बसला. मिठाची झिलई मात्र सांडपाण्याच्या नळांवर पुष्कळ वर्षं टिकली. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात गटाराचे जे तपकिरी तुकतुकीत चिनी मातीचे पाईप निघतात, ते याच कुळातले. त्यांच्यासाठी कुणी एस्टेट सेलला येणार नाही.

सध्या माझ्या डोक्यात टेक्सासातल्या सेगीनजवळची एक भट्टी आहे. जॉन मकेमी विल्सन या पाद्र्यानं १८५७ला तिथे कुंभारकाम सुरू केलं, गुलामांच्या हातांनी. मुक्ती झाल्यावर त्यांतल्याच हायरम, जेम्स आणि वॉलेस विल्सन यांनी १८६९ला शेजारीच स्वतःचा कारखाना काढला, हायरम वारला त्या १८८४पर्यंत चालवला. ठसा 'एच. विल्सन अँड कंपनी'. आडनाव जुन्या मालकाचं, पण कंपनी यांची. राखेऐवजी मिठाची झिलई यांनी धरली आणि कान बसवले घोड्याच्या नालासारखे, अंगाला घट्ट टेकवलेले, उचलताना तुटणार नाहीत असे. सेगीन ऑस्टिनहून गाडीनं तासाभरावर आहे असं मावसबहिणीला फोनवर म्हटलं, तर ती म्हणाली, "मडकी बघायला कुणी टेक्सासात येतं का? पण ये, आणि येताना तुझ्याकडच्या पटेलच्या दुकानातनं कोकम घेऊन ये, इथे चांगलं मिळत नाही." ऑक्टोबरची तिकिटं बघतेय.